हिवाळ्यात रोपं कोणी जगवली?

आजची गोष्ट थंडीची आहे. थोडी आपल्याकडच्या थंडीची आणि बरीचशी दूरदेशीच्या थंडीची. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

मागे एका वर्षी आमच्या बचत गटाने पपईची रोपवाटिका केली. फेब्रुवारीत लागवड असते, म्हणून डिसेंबरात पिशव्या भरल्या, बी टोकलं, शेडनेटच्या कडेने प्लॅस्टिकचा कागद ओढून बारकी झोपडी केली. रोपं चार पानांवर आली आणि थंडीची लाट आली. सातपुड्याकडून वारा सुटला की आमच्याकडे पहाटे बोटं वाकत नाहीत. रोपं वाचवायची म्हणून आम्ही दोन शेगड्या पेटवल्या, झोपडीत ठेवल्या, कागद चारी बाजूंनी मातीत दाबला आणि राखणीला दोघी जणी आत बसल्या. मध्यरात्रीनंतर एकीचं डोकं जड झालं, मळमळू लागलं. ती बाहेर जायला उठली आणि कागदापाशीच कोसळली. तिच्या अंगाखाली कागद सुटला, गार वारा आत शिरला, म्हणून दुसरी सावध झाली आणि दोघी वाचल्या. सकाळी पाहिलं तर शेगडीजवळची रोपं करपलेली आणि कडेची माना टाकलेली.

डॉक्टरांनी सांगितलं, बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. आम्हाला वाटलं, ही चूक आमच्या अज्ञानाची. पुढे या कार्यक्रमासाठी वाचन करू लागलो, तेव्हा कळलं की कोळशाची शेगडी आत ठेवण्याची युक्ती साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या बागांमध्येही चालायची, आणि तिथेही तिने रोपांचा घात केला होता. मग आम्हाला प्रश्न पडला. जिथे चार-चार महिने बर्फ पडतं, तिथे संत्री, अननस, केळी अशी आपल्यासारख्या उबदार मुलखातली झाडं लोकांनी हिवाळाभर जगवली तरी कशी? आणि रात्री जागून ती जगवली कोणी?

आधी थंडी झाडाला नेमकं काय करते ते पाहू. पानात, देठात पाणी असतं. पारा शून्याखाली गेला की त्या पाण्याचं बर्फ होतं आणि आतले कण फाटतात. ऊन पडल्यावर पान उकडल्यासारखं काळं पडतं, ते त्यामुळे. पण उबदार मुलखातल्या झाडाला बर्फाची वाट पाहावी लागत नाही. केळीची वाढ बारा-तेरा अंशांच्या खाली जवळपास थांबते. पोंगा उलगडत नाही, निसवणीच्या वेळी घड अडकतो. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, आणि तशात कुंडी ओली राहिली तर मुळं कुजतात. म्हणजे अशा झाडाला हिवाळ्यात दोन बाजूंनी धोका असतो, वरून गारठा आणि खालून ओल.

युरोपात हा धोका आधी ओळखला तो संत्र्या-लिंबाच्या झाडांमुळे. ही झाडं आपल्या आशिया खंडातली. इटलीतून ती उत्तरेकडे गेली आणि राजवाड्यांमध्ये त्यांचं वेड लागलं. जमिनीत लावली तर हिवाळ्यात मरतात, म्हणून ती मोठ्या लाकडी पेट्यांमध्ये लावत. ऑक्टोबरच्या मध्याला पेट्या उचलून आत न्यायच्या, मेच्या मध्याला बाहेर काढायच्या. मेमध्ये बर्फाच्या संतांचे दिवस म्हणून तीन-चार दिवस तिथले लोक मानतात. ते उलटून गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, असा जुन्या माणसांचा दंडक. आपल्याकडे संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, तसंच हे. पंचांग नसलं तरी ऋतूची खूणगाठ सगळीकडच्या शेतकऱ्याने बांधून ठेवलेली असते.

फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याखाली १६८४ ते १६८६ या काळात या झाडांसाठी मोठी दगडी इमारत बांधली. तिला नारंगीघर म्हणू. भिंती चार-पाच मीटर जाड, वर राजवाड्याची गच्ची, आणि उंच खिडक्या सगळ्या दक्षिणेकडे. उत्तरेचा वारा लागू नये आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन खोलवर यावं, म्हणून हे तोंड. दिवसभर भिंती ऊब धरतात, रात्री हळूहळू सोडतात. आजही हजाराहून जास्त झाडं तिथे हिवाळा काढतात. आपल्या जुन्या मातीच्या धाब्याच्या घरांची जाड भिंत हेच काम करते. पत्र्याच्या खोलीत ते होत नाही, हे आपण रोज अनुभवतो.

पण अशी इमारत राजालाच परवडणार. बाकीच्या बागांमध्ये लाकडी छपरं, छोटी दगडी घरं. कडाक्याच्या रात्री तिथे पेटत्या कोळशाची पाटी आत ठेवत, कुठे कुठे तिला चाकंही लावत. आमची शेगडी, फक्त चाकांची! धूर आणि कोरडी धग यांनी पानं गळायची. आणि अधूनमधून हिवाळा असा यायचा की काहीच पुरायचं नाही.

१६८३-८४ चा हिवाळा तसा होता. लंडनची थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर दुकानं थाटली, जत्रा भरली. जॉन एव्हलिन नावाचे एक गृहस्थ तेव्हा लंडनजवळ बाग राखून होते. थंडी ओसरल्यावर त्यांनी कोणती झाडं गेली, कोणती राहिली, याची नोंद करून विद्वानांच्या संस्थेला कळवली. त्या नोंदीत एक कासवही आहे. हे कासव दर हिवाळ्यात जमिनीत खोल शिरून बसायचं. त्या वर्षी एका द्राक्षवेलीचं मूळ आडवं आलं, त्याला नेहमीइतकं खोल जाता आलं नाही, आणि ते गोठून मेलं. आम्हाला ही नोंद फार आवडली. वितभर माती कमी पडली, एवढाच जगण्या-मरण्यातला फरक. वरची माती गोठते, खालची ऊब धरून असते. हे कासवाला ठाऊक होतं. आपल्यालाही ठाऊक आहे, म्हणून तर हळदीचं बेणं आपण सावलीत ढीग करून, पाला-माती घालून झाकतो.

पुढच्या वर्षी, १६८५ साली, एव्हलिन लंडनमधल्या चेल्सी इथल्या औषधी वनस्पतींच्या बागेत गेले. तिथे वेगळीच तऱ्हा पाहिली. चूल रोपांच्या घरात नव्हती, जमिनीखाली होती. तिची ऊब खालून येत होती आणि धूर आत येत नव्हता. ते पाहून त्यांनी विचार पुढे नेला. १६९१ साली त्यांनी लिहिलं की विस्तव भिंतीबाहेर ठेवा, बाहेरची ताजी हवा नळ्यांमधून त्या विस्तवावरून तापवून आत घ्या, कारण कोंडलेल्या हवेत झाडंही नीट राहत नाहीत. मैत्रिणींनो, सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. विस्तव बाहेर, ऊब आत. रोपांच्या झोपडीला हे लागू, आणि बाळंतिणीच्या खोलीला तर त्याहून जास्त. दार-खिडकी बंद करून शेगडीपाशी झोपू नका.

आता दोन बायकांची ओळख करून देतो. या इतिहासात माळी, सरदार, शास्त्रज्ञ अशी पुरुषांची नावं खूप येतात, पण अगदी सुरुवातीला ज्यांनी हे काम नावारूपाला आणलं त्यांत या दोघी आहेत.

पहिली नेदरलँड्समधली, म्हणजे हॉलंडची, आग्नेस ब्लॉक. जन्म १६२९. रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको. नवरा वारल्यावर, १६७० साली, तिने फेख्त नदीकाठी जागा घेतली आणि बाग उभी केली. त्या काळी डच व्यापाऱ्यांची जहाजं आपल्या मलबारपासून अमेरिकेपर्यंत फिरत होती आणि येताना बी, कंद, रोपं घेऊन येत. त्यातून तिच्याकडे अननस आला. अननसाला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तेवढे सगळे हिवाळे त्याला ऊब लागते. एक रात्र चुकली की दोन वर्षांची मेहनत पाण्यात. तरीही १६८० च्या दशकात तिच्या बागेत अननस पिकला. युरोपात अननस फळाला आणणाऱ्यांमध्ये तिचं नाव पहिलं घेतलं जातं. १७०० साली तिच्या नावाचं पदक पाडलं. त्यावर अननसासह तिच्या बागेची झाडं आहेत, आणि निसर्ग जे नाकारतो ते कला आणि कष्ट देतात अशा अर्थाचा मजकूर आहे. आपल्या झाडांची चित्रं तिने नावाजलेल्या चित्रकारांकडून काढून घेतली. त्यांत मारिया सिबिला मेरियनसारख्या बायकाही होत्या. तिच्यामागे बाग टिकली नाही. चित्रं राहिली.

दुसरी इंग्लंडमधली मेरी सॉमरसेट, ब्यूफर्टची डचेस. जन्म १६३०. घर सरदाराचं, पैशाला तोटा नाही. पण तिची ख्याती पैशामुळे झाली नाही. जगभरातून तिच्याकडे बी यायचं आणि इतरांकडे न उगवलेलं बी तिच्याकडे उगवायचं. आजारी रोपांसाठी तिने एक छोटं वेगळं काचघर ठेवलं होतं आणि त्याला ती दवाखाना म्हणायची. तिथे कोमेजलेल्या रोपांची ती आजाऱ्यासारखी शुश्रूषा करायची. आपल्या बागेतली झाडं दाबून, वाळवून तिने बारा मोठे खंड तयार केले. ते आजही लंडनच्या संग्रहालयात आहेत. आपल्यातही प्रत्येक गावात अशी एक मावशी असते, जिच्या हाताने मेलेली तुळसही फुटते. फरक इतकाच की तिचे खंड कोणी करत नाही.

अननसाला लागणारी ऊब मात्र शेगडीतून येत नव्हती, ही यातली मोठी गंमत. ती यायची कुजणाऱ्या सालीतून! कातडी कमावणारे लोक ओक झाडाची साल वापरत, जशी आपल्याकडे बाभळीची वापरतात. कातडी कमावून झाली की सालीचा ओला चोथा उरायचा. तो खड्ड्यात दाबून भरला की हळूहळू कुजायचा आणि महिनोन्महिने मंद ऊब द्यायचा. अननसाच्या कुंड्या त्यात गळ्यापर्यंत पुरून ठेवत. घोड्याच्या लिदीचीही वाफे करत, पण लीद पटकन तापते आणि पटकन निवते, कधी मुळं भाजते. सालीचा चोथा समजूतदार. ही युक्ती हॉलंडमधल्या मळेवाल्यांनी पक्की केली आणि तिथून १७२० च्या आसपास ती इंग्लंडमध्ये रुजली. म्हणजे सरदारांच्या जेवणातला तो दिमाखदार अननस कातडी कमावणाऱ्याच्या अंगणातल्या टाकाऊ मालावर पिकला. पंगतीत त्याचं नाव कोणी घेतलं नसणार.

नावं न घेतलेले आणखी बरेच आहेत. मोठ्या बागांच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये निंदणीच्या बायका भेटतात. रोजंदारी सगळ्यात कमी, नाव बहुधा लिहिलेलं नाही, फक्त किती दिवस आणि किती पैसे. पुढे काचघरं वाढली तेव्हा काचघराच्या भिंतीमागे, उत्तरेच्या सावलीत, तरुण माळ्यांच्या खोल्या असत. गारठलेल्या, कोंदट. पुढे बसलेल्या झाडांना ऊब आणि मागे राहणाऱ्या पोरांना ओल. भट्टी विझू नये म्हणून ती पोरं पाळीपाळीने रात्री उठून कोळसा घालायची. जॉन लाउडन नावाच्या बागकामाच्या लेखकाने या खोल्यांविरुद्ध आपल्या मासिकात लिहिलं, की झाडांची जेवढी काळजी घेता तेवढी तरी माणसांची घ्या. आम्हाला आमची ती रात्र आठवली. रोपांसाठी झोपडी बांधताना आम्हीही आत बसणाऱ्या दोघींचा विचार केला नव्हता.

काच तेव्हा महाग होती. इंग्लंडमध्ये १७४६ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता. म्हणून मोठं काचघर हे श्रीमंतीचं लक्षण. १८४५ साली हा कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण सामान्य घरातल्या बाईने त्याआधीही हिवाळा निभावला होता, काचघराशिवाय. डेलियाचं झाड पहिल्या गारठ्याने काळं पडलं की वरचा भाग कापायचा, कंद उकरायचे, माती झटकून सुकवायचे आणि कोरड्या वाळूत घालून घराच्या तळघरात ठेवायचे. जिरेनियमची छाटं उन्हाळा संपता संपता लावून घ्यायची, म्हणजे मोठं झाड मेलं तरी पोर हाती राहतं. ही छोटी कुंडी खिडकीत, पाणी अगदी बेताने. झोपलेल्या झाडाला पाजू नये, हा साधा नियम.

हे सगळं बायकांसाठी सोप्या भाषेत लिहिलं जेन लाउडनने. वर सांगितलेल्या लाउडनची ही बायको. १८३० साली लग्न झालं तेव्हा तिला बागकामातलं काही येत नव्हतं. नवऱ्याचे जाडजूड ग्रंथ तिला कळेनात. मग ती स्वतः शिकली, आणि आपल्याला जे अडलं तेच धरून १८४० साली तिने बायकांसाठी बागकामाचं पुस्तक काढलं. फावडं कसं धरायचं, कुदळ मारताना पाय कुठे ठेवायचा, इथपासून. पुस्तक खूप खपलं. तीन वर्षांनी नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि तिने लिहून मुलीला वाढवलं. आपल्याला न येणारी गोष्ट शिकून दुसरीला सांगायची, हेच आपला रेडिओ करतो. म्हणून ती आम्हाला आपल्यातलीच वाटते.

आता येऊ या केळीकडे, कारण ही गोष्ट थेट आपल्या शिवारापर्यंत येते.

इंग्लंडमध्ये डर्बीशायर भागात चॅट्सवर्थ नावाचा वाडा आहे. डेव्हनशायरच्या ड्यूकचा. त्यांचं आडनाव कॅव्हेंडिश. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. १८३० च्या दशकात त्याच्याकडे एक ठेंगणी केळ आली, मूळची चीनकडची, मॉरिशसमार्गे आलेली. पॅक्स्टनने तिला उबदार काचघरात प्रशस्त जागा दिली, खत-पाणी दिलं, आणि त्या थंड डोंगराळ भागात तिने घड टाकला. शंभराहून जास्त केळी! प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि मालकाच्या आडनावावरून केळीला कॅव्हेंडिश नाव पडलं.

जळगावच्या आपल्या मैत्रिणी आता हसत असतील. आपली बसराई, आपली श्रीमंती, आणि आता सगळीकडे झालेली ग्रँड नैन, म्हणजे जिला आपण जी-नाईन म्हणतो, ही सगळी याच कुळातली. आपली केळ तिथून आली असं नव्हे, कूळ आशियातलंच. पण बियाण्याच्या पावतीवर, निर्यातीच्या खोक्यावर जे कॅव्हेंडिश नाव छापलेलं असतं, ते त्या वाड्यावरून आलं. ज्याने ती वाढवली त्या माळ्याचं नाव केळीला लागलं नाही, हेही लक्षात घ्या.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. ड्यूकसाठी पॅक्स्टनने १८३६ साली एक प्रचंड काचघर बांधायला घेतलं. चार वर्षं काम चाललं. त्याच्या आतल्या रस्त्यावरून घोडागाडी जायची. जमिनीखाली आठ बॉयलर, जवळपास सात मैल लांबीचे गरम पाण्याचे नळ, आणि कोळसा न्यायला भुयारातून रूळ, म्हणजे पाहुण्यांना धूर-काजळी दिसू नये. बाहेर बर्फ आणि आत ताड-माड. लोक लांबून पाहायला येत. ऐंशी वर्षांच्या आत मात्र सगळं संपलं. पहिलं महायुद्ध लागलं. माळी लढाईवर गेले, कोळसा मिळेना, बॉयलर विझले. आतली झाडं थंडीने मेली. १९२० साली सुरुंग लावून ते काचघर पाडलं.

आणि केळ? ती त्याआधीच बाहेर पडली होती. जॉन विल्यम्स नावाचा धर्मप्रसारक १८३८ साली दक्षिण समुद्रातल्या बेटांकडे निघाला, तेव्हा चॅट्सवर्थच्या केळीची रोपं सोबत नेली. रोप बोटीवर जगलं ते काचेच्या बंद पेटीमुळे. ही पेटी लंडनच्या नाथानियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने शोधली होती. १८२९ साली त्याने पतंगाचा कोश कसा फुटतो ते पाहायला बाटलीत ओली माती घालून बूच लावलं. कोशाचं राहिलं बाजूला, मातीतून नेच्याचं रोप उगवलं आणि पाणी न घालता जगू लागलं. आतली वाफ काचेवर जमते आणि परत मातीत उतरते. त्याआधी महिनोन्महिन्यांच्या प्रवासात खारा वारा, थंडी आणि पाण्याचा तुटवडा यांनी बहुतेक रोपं मरायची. या पेटीने ती जगू लागली. याच पेट्यांतून इंग्रजांनी चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आणला, दक्षिण अमेरिकेतली सिंकोना निलगिरीत आणली. ज्यांच्या मुलखातून झाडं नेली त्यांना त्यातून काय मिळालं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

केळीची रोपं सामोआ बेटावर पोचली. तिथे लागली, मुनवे फुटले, ते शेजाऱ्यांना गेले, तिथून टोंगा आणि फिजी बेटांवर गेले. सात मैल नळांच्या काचघराला जे जमलं नाही ते मुनव्यांच्या देवाणघेवाणीने केलं. एका घरात, एका विस्तवावर अवलंबून असलेलं झाड विस्तवाबरोबर गेलं. वाटलेलं झाड राहिलं.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या रोपवाटिकेचा विचार नव्याने केला. पुढच्या वर्षी नऊशे पिशव्या एका झोपडीत ठेवल्या नाहीत. निम्म्या तिथे ठेवल्या आणि निम्म्या गटातल्या बायकांना वाटल्या. कोणी धाब्याच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लावून ठेवल्या, कोणी गोठ्याच्या पडवीत. झोपडीच्या उत्तरेला आधीच दाट शेवरी लावली होती, वारा अडावा म्हणून. वाफ्याखाली वीतभर ओलं शेणखत आणि पाचट दाबून भरलं आणि वर मातीचा थर दिला, सालीच्या चोथ्याची आठवण ठेवून. लाट सांगितली त्या दिवशी वाफ्याला संध्याकाळी हलकं पाणी दिलं, कारण ओली जमीन रात्री ऊब जास्त धरते. पण भिंतीकडच्या पिशव्या कोरडसरच ठेवल्या. रात्री गोणपाट अंथरलं, रोपांना टेकू न देता, काठ्यांवर. सकाळी ऊन आलं की काढलं, कारण झाकलेलं रोप कोंडून पिवळं पडतं. राखणीला बसायचं ते बाहेर. शेकोटी बाहेर, वाऱ्याच्या बाजूला, बांधावर. केळीचे मळेवाले पूर्वीपासून हेच करतात. थंडीच्या रात्री बांधावर ओला-सुका काडीकचरा पेटवून धूर करतात, म्हणजे मळ्यावर धुराचं पांघरूण राहतं.

आणि फेब्रुवारीत लावायला नेण्याआधी पंधरा दिवस रोपं हळूहळू बाहेर काढली. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग दिवसभर, शेवटी रात्रीही. टिश्यू कल्चरच्या रोपवाटिकांत आपल्यापैकी कितीतरी जणी कामाला जातात. त्यांना हे नवं नाही. तिथे याला रोप कणखर करणं म्हणतात.

त्या वर्षी आमची सगळीच रोपं वाचली असं नाही. झोपडीतली शंभरेक गेली, एका वहिनींच्या पडवीतली शेळीने खाल्ली! पण लागवडीला पुरतील एवढी राहिली, आणि कोणाचं डोकं जड झालं नाही.

मैत्रिणींनो, येत्या थंडीत तुमच्या गटात दोन गोष्टी करा. एक, नाजूक रोप, दुर्मिळ वाण, चांगलं बेणं एकाच घरात ठेवू नका. पाच घरांत वाटा, आणि कोणाकडे काय आहे त्याची वहीत नोंद ठेवा, नावासकट. दुसरं, आजच घरी गेल्यावर सासूबाईंना, लेकीला, शेजारच्या बाळंतिणीला सांगा, की शेगडी आत ठेवून दार लावायचं नाही. त्या रात्री कोसळलेली आमची मैत्रीण आज हा कार्यक्रम ऐकते आहे, आणि हे वाक्य तिनेच आम्हाला लिहायला लावलं आहे.

तुमच्याकडे थंडीत रोपं कशी जपतात, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.